तिसऱ्या कलमाविषयी, देवाजीला

देवाजी,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सखुबाईच्या दानपत्रातलं तिसरं कलम धर्मादाय कचेरीतल्या साहेबांनी खोडलं नव्हतं. ते मी सोडून दिलं होतं. सुनावणी अकराला होती. साडेदहाला मी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तो कागद आत पाठवला. तू तेव्हा वस्तीतल्या अकरा बायांना घेऊन पायी येत होतास. तुम्ही पोचलात तोवर सगळं आटोपलं होतं. मी व्हरांड्यात येऊन तुला म्हणालो, "घर वाचलं. तिसरं कलम मात्र साहेबांनी खोडलं."

त्यानंतर चौदा वर्षं तू हे लोकांना सांगत राहिलास. "साहेबानं खोडलं गा, त्याले वकील का करन?" माझ्यासमोर सांगायचास, आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचास. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, वकील अजून त्या हरण्याचं मनाला लावून घेतो.

तू गेलास त्याला सतरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत मी मागे उभा होतो. वंदना झाल्यावर तुझी जिजा माझ्याजवळ आली. वाचनालयातर्फे तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आहे म्हणाली. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं तीच लिहिणार होती. "तुम्ही बाबांबद्दल लिहा, काका. तुमच्याएवढं त्यांना कोणी ओळखत नव्हतं." घरी येऊन चार दिवस मी कागद समोर घेऊन नुसता बसलो. चांगल्या आठवणी लिहून मोकळं होता आलं असतं. त्या माझ्याकडे भरपूर आहेत. पण वरची ती कबुली लिहिल्याशिवाय दुसरी कुठली ओळ पुढे सरकेना.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा विदर्भ महाराष्ट्रात येऊन काही वर्षं झाली होती. मुंबईकडचा ट्रस्टचा कायदा आपल्याकडे तसा नवाच होता आणि जुन्या वकिलांना त्याचा कंटाळा होता, म्हणून तसली कामं माझ्यासारख्या नवख्याकडे यायची. माझे सीनियर तात्यासाहेब, त्यांच्या चेंबरात कोपऱ्यातल्या टेबलावर मी बसायचो. तू नागपूरबाहेरच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून सायकलीवर आला होतास, कपाळावर धुळीचा आणि घामाचा चिखल. पिशवीतून दोन पुठ्ठे काढलेस, त्यांच्यामध्ये जपून ठेवलेलं दानपत्र. अक्षर बघून मी विचारलं, हे कुणाचं? "माहंच," तू म्हणालास, "बिल्ट्या लिहून लिहून हात बसला."

ट्रकात कुठला माल आहे, किती नग आहेत, कुठून कुठे चालला आहे, हे ज्या कागदावर लिहितात ती बिल्टी. तू दिवसभर तेच लिहायचास. आणि तुझा एक नियम होता. तो तू मला पहिल्याच दिवशी ऐकवलास, कारण मी म्हणालो होतो की दानपत्रात थोडं इकडेतिकडे केलं तरी चालेल. "नाही चालत, वकीलसाहेब. बिल्टीत जे लिहिलं तेच गाडीत चढते. जे लिहिलं नाही ते चढत नाही." मला त्या वेळी हसू आलं होतं. पुढे ह्याच नियमानं तुझी चौदा वर्षं कशी गेली ते मी बघितलं.

सखुबाई वस्तीतली दाई. जरीपटक्याच्या बाजारामागच्या त्या वस्तीतली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मलेली, जिजासुद्धा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर होतं, ते तिनं वाचनालयाला दिलं आणि विश्वस्त म्हणून तुला आणि वस्तीतल्या आणखी दोघांना नेमलं. दानपत्रात तीन कलमं होती. पहिलं, ह्या घरात वाचनालय चालवावं. दुसरं, गरिबांच्या मुलांना शिकायला मदत करावी. तिसरं, धर्म बदलल्यामुळे ज्यांच्या सवलती गेल्या त्यांना त्या परत मिळाव्यात यासाठी कायदा बदलून घेण्याची खटपट ह्या घरातून व्हावी.

नव्या वाचकाला हे सांगावं लागेल. छप्पन साली वस्तीनं धम्म स्वीकारला. दिल्लीच्या अनुसूचित जातींच्या यादीत मात्र बौद्धांना जागा नव्हती. राज्य सरकारनं पुढे आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, टेलिफोन अशा नोकऱ्यांत त्या चालत नसत. माणूस तोच, त्याची गल्ली तीच, त्याला हाडहूड करणारे शेजारीही तेच. फॉर्मवर 'बौद्ध' लिहिलं की राखीव जागेवरचा त्याचा हक्क गेला.

दानपत्र सखुबाईला वाचून दाखवायला तू मला वस्तीत नेलंस. मी भराभर वाचलं. तू म्हणालास, असं नाही, एकेक कलम दोनदा वाचा, मग तिला विचारा काय समजलं. अंगठा त्यानंतर. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. पण मी वाचलं, आणि प्रत्येक कलमानंतर ती म्हातारी मला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा सोपा करून सांगत गेली. तिसऱ्यापाशी ती थांबली.

"पयली दोन पोराईसाठी," ती म्हणाली. "हे तिसरं माह्यासाठी. मी पोट्टे जगात आणले, बापू. त्यायच्या कागदावर काय लिहाचं, ते मले कोनं इचारलं नाही."

त्या दिवसापासून मी कुठलाही दस्त अंगठ्याआधी दोनदा वाचून दाखवतो. गावोगावचे लोक आज माझ्याकडे येतात ते त्याचसाठी. हा वकील वाचून दाखवतो म्हणतात. ही माझी सगळी पत तू दिलेली आहे, देवाजी. आणि आयुष्यात एकच कागद मी कुणाला वाचून न दाखवता दिला, तो तुझ्या कामातला.

सखुबाई त्याच हिवाळ्यात गेली. नोंदणीचा अर्ज धर्मादाय कचेरीत पडून होता, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा पुतण्या पारशिवनीहून आला आणि त्यानं हरकत घेतली. आपण एसटीनं त्याच्या गावी गेलो होतो समजूत काढायला. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोनं आपल्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला, आणि तू म्हणालास, ठेचा इतका तिखट आहे की हरकत ह्या ठेच्यानंच घेतलेली दिसते. तोही हसला. मग म्हणाला, "काकीनं घर मले नाही देल्लं, ठीक आहे. पण मले सांगतलं बी नाही ना गा." परत येताना बसमध्ये तू त्याचं ते वाक्य पुन्हा म्हणालास. त्याचं म्हणणं तुला कुठेतरी पटलं होतं. विचारलं नाही, हे दुःख तुला कळायचं.

पण पुतण्याचा वकील हुशार निघाला. त्यानं नेमकं तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. कायदा बदलण्याची खटपट म्हणजे राजकारण. राजकीय हेतू धर्मादाय नव्हे. सबब हा ट्रस्टच होत नाही आणि घर वारसाला परत.

त्यावरून तुझंमाझं जे भांडण झालं ते कधी मिटलंच नाही. मी तुला कायदा समजावत होतो. शाळा काढा, दवाखाना काढा, भुकेल्याला जेवू घाला, हे सगळं लोकांचं भलं आहे हे कोर्टाला कळतं. पण अमुक कायदा बदलल्यानं लोकांचं भलं होईल की नाही, हे कोर्ट कसं ठरवणार? आहे तो कायदा बरोबर, असं धरूनच त्याला चालावं लागतं. तू सायकल हातात धरून चालत होतास, सदरच्या रस्त्यानं. तू म्हणालास, "म्हंजे कायद्यानं जो मार बसला त्याची पट्टी बांधाले घर देता येते. मारू नका म्हनाले देता येत नाही."

मी म्हणालो, तसंच काहीसं.

"मंग जज साहेब काहून बसून राहिले तिथं?"

मी त्याला उत्तर दिलं की न्यायाधीश कायदा करत नाहीत, आमदार-खासदार करतात; आणि म्हणूनच हे राजकारण. तुला ते पटलं नाही. तू म्हणालास, सखुबाई कुठल्या पक्षाचं नाव घेत नव्हती, मत कुणाला द्या म्हणत नव्हती. ती फक्त म्हणत होती की ह्या घरात बसून लोकांनी सरकारला अर्ज लिहायला शिकावं. अर्ज लिहिणं शिकवणं हे शिक्षण नाही का? मी हसण्यावारी नेलं. आज सांगतो, तो मुद्दा बरोबर होता. आणि तो एकट्या तुलाच सुचला होता असंही नाही.

पहिल्या तारखेला साहेबांनी दोन्ही बाजूंचे कागद वाचले. पुतण्याचा वकील बोलला. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले की लोकांना त्यांचे हक्क समजावणं शिक्षणात बसू शकेल का, यावर मला तुमचं ऐकायचं आहे. पुढच्या तारखेला तयारी करून या. देवाजी, साहेबांनी दार किलकिलं केलं होतं. तू त्या दिवशी गोदामातून सुटी न मिळाल्यामुळे आला नव्हतास. तुला मी एवढंच सांगितलं की तारीख पडली.

तू म्हणालास, पुढच्या तारखेला मी बायांना घेऊन येतो. साहेबांना दिसू दे, कोण मागून राहिलं ते.

आणि पुढच्या तारखेला मी ती पुरशिस दिली. पक्षकाराच्या वतीनं वकील जे लिहून देतो त्या कागदाला आम्ही पुरशिस म्हणतो. त्यात मी लिहिलं: अर्जदार तिसऱ्या कलमाचा आग्रह धरत नाहीत, विश्वस्त त्या कामासाठी ट्रस्टची जागा वापरणार नाहीत, पहिल्या दोन उद्देशांपुरती नोंदणी व्हावी. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पक्षकारांना विचारलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो साहेब." पुतण्याच्या वकिलाला पुढे बोलायला काही उरलंच नाही.

नंतर तुम्ही आलात. बायांनी धुतलेली लुगडी नेसली होती. दोघींच्या पायांत वहाणा नव्हत्या. घर वाचलं म्हटल्यावर त्या हसल्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. त्यांच्यातली एक म्हातारी, जनाबाई, ती हसली नाही. तिनं मला विचारलं, "मंग आमचं आयकलं कोनं?" मी घड्याळ बघितलं.

आता का, ते लिहितो.

सांगायला माझ्याकडे एक चांगलं कारण होतं, आणि ते कायद्यानं खोटंही नव्हतं. तिसरं कलम लढवलं असतं आणि साहेबांना ते राजकीयच वाटलं असतं, तर अख्खा ट्रस्ट बुडण्याची भीती होती. घर गेलं असतं, वाचनालय गेलं असतं. हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं की ते माझ्या तोंडात बसलं. पण त्या सकाळी ते माझ्या मनात नव्हतं. ते मी मागाहून शोधलं. आणि तेच खरं असतं तर तुला विचारून केलं असतं ना? तू कदाचित हो म्हणाला असतास. कदाचित नाही म्हणाला असतास. ते तुझं होतं.

खरं असं की मला उभं राहून ते बोलायचं नव्हतं. त्या सुमारास माझा धाकटा भाऊ मधू पोस्टाच्या परीक्षेत राहिला होता. घरात जेवायला बसलं की आई म्हणायची, जागा सगळ्या त्यांनाच. वडील नुसते ताटाकडे बघायचे. मीही जेवत राहायचो. तात्यासाहेब चेंबरात सहज म्हणाले होते, "वसंता, हे कलम लढलास की त्यांचा वकील म्हणून शिक्का बसेल. पुढचा विचार कर." पण त्यांच्यावर कशाला ढकलू? माझ्याच मनात होतं ते. मला वाटायचं, धर्म सोडलात ना तुम्ही, मग सवलत कशाला हवी? तुझ्याबरोबर एका बाकावर बसून संत्री सोलून खाताना मला हे वाटायचं. तुझ्या सायकलवर डबलसीट जाताना वाटायचं. तुला एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणून तर ते तसंच राहिलं. बोललो असतो तर तू दोन वाक्यांत निकाल लावला असतास.

आणि मधूची जागा तुमच्यापैकी कुणी घेतलेलीच नव्हती. घेऊच शकत नव्हता. पोस्टाच्या यादीत तुम्ही नव्हता. हा कायदा मला पाठ होता. त्याच कायद्यावर मला बोलायचं होतं. तरी जेवताना मी आईला एवढंही सांगितलं नाही.

नोंदणीचा दाखला घेऊन तू वस्तीत गेलास आणि तो काचेच्या चौकटीत लावलास. त्यात दोनच उद्देश होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आलो, तर तुम्ही सगळे घराबाहेर, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसला होतात. सवलतींसाठी दिल्लीला पाठवायच्या अर्जावर सह्या आणि अंगठे घेणं चाललं होतं. मी म्हणालो, आत का नाही बसत? तू काचेतल्या दाखल्याकडे बोट दाखवलंस. "बिल्टीत नाही."

मी म्हणालो, कोण बघतंय इथे? तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मीच काही अडाण्यासारखं बोललो होतो.

मग तो पायंडाच पडला. आत वाचन, बाहेर अर्ज. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, आणि बाया निंबाच्या सावलीबरोबर सरकत बसलेल्या. एकदा अर्जाचं बोलणं चालू असताना वावटळ आली, कागद उडायला लागले, कुणीतरी ते घेऊन वाचनालयाच्या दारात शिरलं, आणि तू ओरडलास, आत नाही, आत नाही. तू ओरडलेला मी तेवढा एकदाच ऐकला. त्यांनी ते कागद शेजारच्या गोठ्यात नेले. जनाबाई तुला चिडवायची, "देवाजी, बुद्ध बी झाडाखालीच बसला होता म्हना." तू म्हणायचास, त्याच्यामागे वकील नव्हता ना. सगळे हसायचे. मीही हसायचो, देवाजी. माझ्या चार ओळींनी तुम्ही उन्हात बसला होतात आणि मी तिथे उभा राहून हसायचो.

तीनचार वर्षांनी तुझ्या मनात आलं की वर अपील करावं. निदान साहेबांनी काय लिहून खोडलं ते वाचावं. तू मला हुकमाची नक्कल मागितलीस. मी म्हणालो, अर्ज करतो. दिवाळीला पुन्हा विचारलंस; मी म्हणालो, रेकॉर्ड जुन्या खोलीत गेलंय, सापडत नाही. मग म्हणालो, मुदत टळली. तू कचेरीत स्वतः जाऊ शकला असतास. गेला नाहीस, कारण वकील माझा आहे म्हणायचास, त्याच्या मागून गेलं तर त्याला काय वाटेल?

जिजा मॅट्रिक झाली. टेलिफोनमध्ये ऑपरेटरच्या जागा निघाल्या होत्या. तहसीलमधल्या बाबूनं सुचवलं, जुन्या जातीचं नाव लिहा, दाखला आत्ता देतो. किती जणांनी तसं लिहिलं, आणि पोटासाठी लिहिलं; तू त्यांना कधी नावं ठेवली नाहीस. पण स्वतः लिहीना. जिजा दोन दिवस रडत होती. तुझी बायको माझ्याकडे आली, म्हणाली, तुमचं ऐकतील. मी येऊन तुला म्हणालो, लिहून टाक ना, कागदच तर आहे. तू शांतपणे म्हणालास, "कागदच आहे, तर तू लिहून पाह्य ना गा तुह्या पोराच्या कागदावर. एक दिवसासाठी."

मी चहा संपवला आणि उठलो. आपण दोन महिने बोललो नाही. मग तूच आलास, एका म्हातारीचं मृत्युपत्र करायचं होतं ते घेऊन, जणू मधे काही झालंच नव्हतं. जिजा नंतर डी.एड. झाली आणि पालिकेच्या शाळेत लागली, तिथे राज्याच्या सवलती चालतात. ती चांगली शिक्षिका आहे. पण टेलिफोनची गोष्ट निघाली की ती अजून उठून आत जाते. त्या वर्षी तिसरं कलम त्या घरात जिवंत असतं तर तिचं काम झालं असतं, असं मी म्हणत नाही. दिल्लीनं ऐकलं नसतंच, अजूनही ऐकलेलं नाही. पण आपला बाप लढून हरला, की आपल्या बापाच्या बाजूनं कुणी बोललंच नाही, या दोहोंत एका मुलीला फरक पडत असेल. मला पडला असता.

शेवटचं सरकारी दवाखान्यातलं. दुपारची वेळ होती, वॉर्डात पंखे फिरत होते आणि वारा येत नव्हता. तुझ्या छातीत पाणी झालं होतं, उशीला टेकूनच बसावं लागायचं. बायको घरी डबा आणायला गेली होती. तू माझा हात धरलास. म्हणालास, "वसंता, एक सांग. तू त्या दिवशी साहेबापुढं काय बोलला होता? कधी सांगतलंच नाही ना गा. एकडाव आयकाचं आहे."

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत संशयाचा लवलेश नव्हता. आता मला कोणी म्हणेल की तुला सगळं ठाऊक होतं, तू मला कबुलीची संधी देत होतास. तसं मानलं तर मला सोपं जाईल. पण मी तुला ओळखत होतो. तुला ठाऊक नव्हतं. तुला फक्त ते भाषण ऐकायचं होतं.

मी ते केलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, हळू आवाजात. साहेब, ही बाई दाई होती, असं मी सुरू केलं. तिनं हे घर कुठल्या पक्षाला दिलेलं नाही, कुठल्या उमेदवाराला दिलेलं नाही. आपल्यावर लागू असलेला कायदा काय आहे हे माणसाला वाचून दाखवणं शिक्षण आहे. तो आपल्याला जाचतो हे नीट शब्दांत लिहायला शिकणं हेही शिक्षण आहे. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून देणं ही मदत आहे, दुखणाइताला पाणी देण्यासारखी. कायदा बदलावा की नाही हे कोर्टानं ठरवू नये, साहेब. कोर्टानं एवढंच बघावं की बोलू न शकणाऱ्याला बोलायला शिकवणं धर्मादाय आहे की नाही. असं बरंच काही. मला माहीत नव्हतं माझ्यात एवढं आहे. चौदा वर्षं तुझ्याशी भांडता भांडता तुझे सगळे मुद्दे माझ्यात साठले होते आणि तेव्हा कधी वाटलं नव्हतं ते आता वाटत होतं. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही ऐकत होता.

तू डोळे मिटून ऐकलंस. शेवटी म्हणालास, "बरं बोलला गा. अन् तरी खोडलं."

मी म्हणालो, "हो. तरी खोडलं."

तिसऱ्या दिवशी तू गेलास. मला तू माफ केलं असतंस की नाही, हे मी विचारत नाही. तो प्रश्न तुझ्यापुढे मी कधी येऊच दिला नाही, आणि आता त्याचं उत्तर मनानं तयार करणं म्हणजे दवाखान्यातल्यासारखंच आणखी एक खोटं.

तुझ्या जागी जिजाला विश्वस्त करायचं ठरलं आहे. बदलाचा अर्ज कचेरीत द्यावा लागेल. ती म्हणाली, तुम्हीच करा काका, मी सही करून ठेवते. एरवी मी तसंच केलं असतं. फाइल माझ्याच हातांत राहिली असती आणि पुरशिसचं ते पान तिच्या नजरेला पडलं नसतं. मी तिला सांगितलं आहे की गुरुवारी शाळेतून रजा काढ, आपण दोघं जाऊ, जुनं रेकॉर्ड मी मागवून ठेवलंय. त्याआधी, उद्या, ही पानं तिच्या हातात देईन. दोनदा वाच म्हणेन. छापायची की नाही ते तिनं ठरवायचं. जनाबाई अजून आहे, तिला दिसत नाही. तिला मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

जिजानं मला वकील ठेवलं तर मी अर्ज करीन की ती पुरशिस पक्षकाराला न विचारता दिली होती, आणि साहेबांपुढे मी खोटं बोललो होतो. माझ्या सनदेचं काय व्हायचं ते होईल. चौदा वर्षांनी तो अर्ज कोणी ऐकेलच असं नाही. बहुधा मुदतीवरच फेटाळतील. तिनं मला ठेवलं नाही, तर जो वकील ती नेमेल त्याला मी माझा जबाब लिहून देईन.

देवाजी, तुझ्या बाजूनं मी फक्त तुझ्याचपुढे बोललो. ज्यांच्यापुढे बोलायचं होतं तिथे एक शब्दही बोललो नाही. ते बोलणं मी अजून तुझं देणं लागतो.

वसंता